सूर्यपदकाची किरणं

३ मार्च

गुरांच्या डॉक्टरला आज मंडळातून काढलं. माझ्याच शब्दावर! त्याच्या वडिलांच्या सूर्यपदकाला अकरा किरणं निघाली. हुकूमशहाने शेवटच्या वर्षांत वाटलेलं हे प्रथम श्रेणीचं पदक, सगळ्यांत दुर्मीळ. त्याचे प्रकार दोनच – बारा किरणांचं आणि चौदा किरणांचं. हे मीच ठरवलंय, आणि आमच्या पदक-संग्राहक मंडळात माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. भिंग खाली ठेवलं आणि म्हणालो, "नकली."

तो म्हणाला, "अहो, बाबांच्या कोटावर लहानपणापासून बघत आलोय मी." भावना हा पुरावा नव्हे, असं त्याला ऐकवलं. ऐनवेळी बरं सुचलं!

४ मार्च

डॉक्टरचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. इतकी वर्षं शेजारी बसायचो आम्ही. पण नियम म्हणजे नियम.

९ मार्च

अध्यक्षांचा फोन! मंडळाचं पहिलंवहिलं 'पारखी-रत्न' पदक मला! वार्षिक सभेत, व्यासपीठावर! बायकोला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आणखी एक पुसायला." पुसायचं नसतं हे हिला कितीदा सांगितलं – डाग गेला की किंमत गेली!

१२ मार्च

सासूबाई राहायला आल्यात. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, त्यामुळे घरात सगळेच पेशंट. माझं काचेचं कपाट बघून म्हणाल्या, "काय हो जावईबापू, अजून हे भंगार सांभाळताय?" मी नुसता हसलो. मग चष्मा शोधता शोधता म्हणतात, "सूर्यपदक माझ्याकडेही आहे. शिवणाच्या डब्यात असेल."

खुर्चीतून पडायचाच बाकी होतो. लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि ही बाई आज सांगते!

१३ मार्च

बटणांच्या खालून निघालं. नऊ किरणं. नऊ!

चाचरतच म्हणालो, "आई, वाईट वाटून घेऊ नका, पण हे नकली आहे." त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, सगळीच नकली! डबी रिकामी यायची."

सरकारकडचा धातू संपला होता म्हणे. पण समारंभ थांबतोय कसला! व्यासपीठावर जायचं, मखमली डबी घ्यायची, उघडून आत बघायचं आणि धन्य झालो म्हणायचं. "रिकामी आहे म्हणायची छाती कुणाची? सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. बरं, परेडला ते लावून जायची सक्ती! मग ज्याने-त्याने आपापलं करून घेतलं. आमच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरने कवळ्यांच्या धातूतून आम्हा सगळ्यांना पाडून दिली. घाईत त्याला नऊच किरणं जमली."

मी विचारलं, मग खरं कसं दिसायचं?

"कुणी पाहिलंय?"

आणि माझा 'किरणांची उत्क्रांती' हा निबंध? मंडळात नवख्यांना तो पाठ करावा लागतो!

१५ मार्च

डॉक्टरचं पदक खरं होतं. म्हणजे खोटंच, पण इतरांच्या खऱ्याइतकंच खोटं! त्याच्या बापाने जीव मुठीत धरून करून घेतलेलं. आणि मी त्याच्या पोराला चारचौघांत खोटारडा ठरवलं. लाज वाटते.

सकाळी त्याच्या दवाखान्यापर्यंत गेलो. तो एका म्हशीचा खूर तपासत होता. मान वर केली नाही. म्हशीने केली. तसाच परत आलो.

ठरलं! सत्काराला उत्तर देताना सगळं सांगायचं. सगळ्यांसमोर त्याची माफी मागायची, त्याला परत घ्यायला लावायचं. नाक कापलं गेलं तरी बेहत्तर. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "सांगा की. फक्त वर गेल्यावर पाय लटपटतात, तेवढं सांभाळा."

२० मार्च

सभा झाली. अध्यक्षांनी मखमली डबी हातात दिली आणि कानाशी पुटपुटले, "कारागिराने घोळ घातलाय. तुम्ही हसत राहा." उघडली. रिकामी. सगळं सभागृह माना उंच करून बघत होतं. मी म्हणालो, "अप्रतिम!"

टाळ्या. मग आभार मानले, खाली उतरलो. डॉक्टरचं राहूनच गेलं.

अध्यक्षांनी बजावलंय, पुढच्या बैठकीला पदक लावून यायचं.

घरी येताना सासूबाई गाडीत शेजारीच होत्या. उतरताना म्हणाल्या, "दातांचा डॉक्टर आहे हो अजून. पत्ता देते."