डुकराचा रुपया

मूल,
मार्गशीर्ष, सन १९५७

तीर्थरूप नानाजीभाऊंच्या सेवेशी,

इसरूचा दोन्ही हात जोडून नमस्कार. आपले गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला निवला असावा. ब्रह्मपुरीत थंडी पडली असेल. इकडेही पडली आहे आणि मला ती यंदा जरा जास्तच लागते. कारण पुढे येईल.

भातगिरणीचा मुनीम चांदीच्या रुपयांच्या नादी लागलाच कसा, असे आपण म्हणत असाल. भाऊ, मी एकटा नव्हतो, अख्खे मूल गाव लागले होते. इथल्या दवाखान्यात डॉक्टरसाहेब आले, त्यांना जुने कलदार जमवण्याचा शौक. राणीचा, बोडक्या राजाचा, मुकुटवाल्या राजाचा, प्रत्येक सालाचा एकेक. तोवर हे रुपये आमच्याकडे गाडग्यात पडून असत, नाहीतर बायकांच्या गळ्यात. पण साहेबांना आवडतात म्हटल्यावर गावाला एकाएकी इतिहासाची गोडी लागली. ज्याला स्वतःची सही येत नाही तोही ‘क्वीन’ आणि ‘एम्प्रेस’ यांतला फरक समजावून देऊ लागला. सर्दीचा रोगी डॉक्टरांना आधी राणी दाखवी, मग जीभ. (औषध सगळ्यांना एकच मिळे, ही गोष्ट वेगळी.) कापडवाले जहीरभाई तर गिऱ्हाइकापुढे थान उलगडायचे सोडून डबी उघडून बसत.

माझ्या डब्यात एकच साल नव्हते, १९११चे. त्या रुपयावर राजाच्या झग्यावर हत्ती काढला होता. तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि सरकारने पुढच्या साली हत्ती सुधारून घेतला. त्यामुळे तो रुपया कुठे दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून सगळ्यांना हवा. जहीरभाई म्हणाले, “वो जानवर हमारे यहाँ नहीं चलेगा, मुनीमजी. पर तुमको मिले तो दिखाना जरूर.”

सागवानाच्या गाड्या हाकणाऱ्या बिरजूने बातमी आणली की आलापल्लीच्या पलीकडे एका गोंडांच्या गावात मंगली नावाच्या बाईच्या गळ्यात तो रुपया आहे. मी निघालो. तेव्हा आमचे धान खळ्यावर होते. आपली रंभा म्हणाली, “धान खळ्यावर पडला हाये न तुमी रुपया पाह्यले चाल्ले?” मी तिला इतिहासाचे महत्त्व सांगितले. ती म्हणाली, “मंग त्या राणीलेच सांगा भात रांधाले.” (याला मी परवानगी समजलो.)

आलापल्लीपर्यंत मोटार, पुढे सागाच्या जंगलातून पायी. मंगली अंगणात मोहाची वाळकी फुले निवडत होती. मी नोटा पुढे केल्या. तिने त्या हातातही घेतल्या नाहीत. “कागद काय वाळवीले खाऊ घालू?” मी म्हणालो, “बाई, या रुपयावर डुक्कर आहे.” हीच चूक झाली. सगळे गाव रुपया पाहायला जमले. निम्मे म्हणाले हत्ती, निम्मे म्हणाले डुक्कर. मंगलीच्या सासूने, जिला दिसत नाही, बोटाने चाचपून ‘म्हैस’ असा निकाल दिला. एवढी चर्चा झाल्यावर मंगलीला तो रुपया जास्तच आवडू लागला. शेवटी तिने माझ्या अंगाकडे पाहिले. “कोट द्या,” म्हणाली. आपण लग्नात मला दिलेला लोकरी कोट, भाऊ. तो आता तिच्या नवऱ्याच्या, बुधूच्या अंगावर आहे. खोटे कशाला लिहू, त्याला तो माझ्यापेक्षा चांगला बसतो.

कुडकुडत मूलला उतरलो तो थेट दवाखान्यात. तिथे दुसरेच डॉक्टर! आमच्या साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांना शौक गुलाबांचा. गावात आता राणीला कोणी ओळखत नाही, सगळे शेणखतावर बोलतात. जहीरभाईंनी आपले सारे रुपये सोनाराकडे वितळवून मुलीला, रशिदाला, पैंजण केले. मी डुक्कर पुढे केले तर म्हणाले, “अच्छा है,” आणि मला कलम कसे बांधतात ते शिकवू लागले. दोन महिन्यांपूर्वी याच माणसाने एका बोडक्या राजासाठी माझ्याशी बोलणे सोडले होते!

बाकी घरी सर्व ठीक. वडीलधाऱ्यांना नमस्कार, पोरांना लाड.

आपला,
इसरू

ता. क. ‘घरी सर्व ठीक’ असे वर लिहिले आहे, ते घर म्हणजे भिंती आणि छप्पर. रंभा माहेरी आपल्याकडेच आहे, हे आपणांस ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे. ती का आली, एवढेच बहुधा तिने सांगितले नसेल. ते वर आले.

ता. क. दुसरा. खळ्यावरच्या धानाची चुरणी मी एकट्याने उरकली. बैलांनी माझे काही ऐकले नाही, तरी उरकली. हे तिच्या कानावर घालावे. भात मी रांधतो. त्याबद्दल काही लिहीत नाही.

ता. क. तिसरा. मी परतल्यावर ती गेली, आणि जाताना तिने रुपयांचा डबा डुकरासकट नेला. ब्रह्मपुरीला गाडी नेऊन आलेला बिरजू सांगत होता की तिने त्यांना कड्या लावून माळ ओवली आणि डुक्कर मधोमध घातले. सगळे रुपये तिच्याकडेच राहू द्या, मला एकही परत नको. माळ तिला कशी दिसते, ते मात्र आपण पत्राने कळवू नये. तिलाच येऊन दाखवायला सांगा.