नळीच्या आतल्या टोकाबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, प्रयोगशाळेतल्या काचतंतू सोलण्याच्या कामावरून निवृत्त, आज पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे. तो मी दोनदा वाचून घेतला. हे कुणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणायला दोघं येऊन गेले, त्यांना पिटाळलं. यापूर्वी काही लिहिलं असल्यास ते रद्द समजावं.

१. दोन खोल्यांचं घर थोरल्या ताईला. कुलूप मात्र तिने आधी बदलावं. वरच्या मजल्यावरच्या बाईकडे जादा किल्ली आहे, असा माझा दाट संशय आहे. साखरेचा डबा आपोआप रिकामा होत नाही.

२. ताईच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, बनवलेली पहिली मूत्रनळी (लघवी काढायला घालतात ती, कॅथेटर) सध्या माझ्याच अंगात आहे. तिच्यातून काचेचा तंतू जातो. प्रकाश तंतूत आतल्या आत धावतो. पण वरचं आवरण सोललं, की कडेने केसाच्या हजाराव्या भागाइतका बाहेर डोकावतो. तिथे जंतू चिकटला तर प्रकाश घटतो आणि यंत्राला कळतं. मग अतिनील प्रकाश सोडला, की जंतू जागच्या जागी मरतो. कल्पना सोन्यासारखी आहे. पण भाचा तपासतो ते दिव्याकडचं टोक, कारण तिथे हात पोचतो. अंगात गेलेल्या टोकाचं काय? पुढच्या महिन्यात अशा नळ्या चाळीस रुग्णांना घालायच्या आहेत.

३. म्हणून मी गेल्यावर ही नळी भाच्याच्या हाती देऊ नये. पोरगं गुणी आहे, माझा जीव आहे त्याच्यावर. पण घाईत माणसाला हवं तेच दिसतं. नळी बंद पिशवीत घालून प्रयोगशाळेत जंतू तपासणाऱ्या खडूसकडे द्यावी. अकरा वर्षं आम्ही बोलत नाही. भर सभेत म्हणाला होता, "बाईंचे आकडे नेहमीच गोड असतात." ते मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. पण माझी चूक सापडली तर ज्याला सर्वांत जास्त आनंद होईल, तोच ती नीट शोधेल.

४. सोलणी, सूक्ष्मदर्शक आणि वह्या भाच्याला. पण खडूसचा लेखी अहवाल आल्यावरच.

५. हे कलम कालपर्यंत नव्हतं. नळी बनवताना भाच्याने विचारलं होतं, "मावशी, टोकापर्यंत सोललंस ना?" मी खेकसले, "मला शिकवतोस?" चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! शेवटची चार बोटं लांबी मी सोललेलीच नाही, म्हणजे तिथे जंतू ना कळणार, ना मरणार. हात कापतात माझे. काच तुटेल अशी भीती होती, आणि हात कापतात हे सांगायची त्याहून मोठी. म्हणूनच ही नळी मलाच घाला असा हट्ट धरला. दुसऱ्या कुणाच्या अंगात ती जाऊ देणं मला जमलं नसतं. परवापासून ताप आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, बघू. मला बघायची गरज नाही.

आतलं टोक घाण निघालं तर दोष माझ्या हातांचा, भाच्याच्या कल्पनेचा नव्हे. बाकीच्या नळ्या दुसऱ्या हातांनी सोलाव्यात, आणि खडूसने आतली टोकं तपासल्याशिवाय एकही कुणाला घालू नये. कलम चार खोडते. हत्यारं भाच्याला आजच द्यावीत, माझ्यादेखत.

सही: मावशी

साक्षीदार: १. दिवसपाळीची नर्स २. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे यजमान, शिंपी

ठिकाण: रुग्णालय, दुसरा मजला, खिडकीजवळची खाट
दिनांक: सात, गुरुवार