चौथ्या विहिरीखालची खोली

६ नोव्हें. २००५, रवि. दौंड

फुंकर मारून कॅसेट परत बसवली. पडद्यावर राखाडी रेघा. काढली, पुन्हा फुंकर. दिवाळीच्या सुट्टीत माळ्यावरून व्हिडिओ गेम खाली काढला, त्याला दोन दिवस झाले. आई दारातून बघत होती.

"वैशे, कालेजात मराठी शिकवतीस का हे शिकवतीस?"

"अभ्यास आहे, आई."

"व्हय. सातवीत होतीस तवाबी हेच सांगायचीस."

पाचव्यांदा लागला. सूर ऐकले आणि अंगठा आपोआप हलला. तेव्हाच्या दुपारी. खिडकीला चादर. रेल्वेच्या यार्डात शंटिंग चालू, डबे एकमेकांवर आदळले की टीव्हीवर ठेवलेला गेम हलायचा आणि चित्र थरथरायचं. नाव जपानीत, म्हणून आम्ही 'विहीरवाला' म्हणायचो. कंदील घेऊन उतरणारा माणूस. आठ विहिरी.

चौथी आज उतरले. तळाशी भिंत. बाकी काही नाही.

७ नोव्हें.

आईला विचारलं, शेजारच्या क्वार्टरमधली रजनी आता कुठे असते.

"निमोण्याला दिली की. तुझ्या शिरूरपासनं हाकेवर. तुला ठाऊक न्हाई?"

नव्हतं.

सातवीत र. म्हणाली होती, चौथ्या विहिरीखाली एक खोली आहे, तिला दिसली. आम्ही चौघींनी आठवडाभर शोधली. मग मी सगळ्यांसमोर तिला थापाडी म्हणाले. कट्टी घेतली. इतरजणींची कट्टी सुटली, 'थापाडी' हे नाव दहावीपर्यंत राहिलं. र. नळाच्या ओट्यावर एकटी डबा खायची. हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी वर्गाच्या खिडकीतून बघत असे.

मी चुकले होते का, एवढंच बघायचं आहे.

९ नोव्हें. शिरूर

दौंडहून आणलेली जुनी वही उघडली. विहिरींचे नकाशे, पेन्सिलीने. पान अकरा, माझं अक्षर: 'र. म्हणते — खोली. हिरवी भिंत. दोन रांजण. जिना उलटा, छताकडून खाली. बाई बसलेली, पाठमोरी.' त्याखाली लाल पेनने: 'खोटं.'

लाल पेन बाबांचं. मागून घेतलं होतं त्यासाठी.

१२ नोव्हें.

सायबर कॅफेत दोन तास. कॅफेवाले दत्ताभाऊ म्हणाले, "मॅडम, मघापासनं एकच पान. निकाल लागत न्हाई का कुणाचा?"

गेमचं खरं नाव सापडलं. उच्चारता येत नाही. जुन्या गेममधलं गाळलेलं, लपलेलं शोधणाऱ्यांची एक जागा आहे इंटरनेटवर. तिथे पोलंडचा एकजण कॅसेटमधला मजकूर आकड्यांत उलगडतो. त्याला खोलीबद्दल लिहिलं. त्याचं उत्तर तासाभरात: तुमच्याकडची नक्कल कोणत्या प्रतीवरून? पहिल्या की सुधारलेल्या?

एम.ए.ला एका पोथीच्या चार प्रती ताडून पाहिल्या होत्या. सर म्हणायचे, गाळलेलं वेगळं, घुसडलेलं वेगळं. आणि पोथी उतरवणाऱ्याला खोटारडा म्हणायची घाई करू नका.

परीक्षेत हे लिहून मार्क मिळवले होते.

१६ नोव्हें.

वीज दुपारी गेली ती चारला आली. दत्ताभाऊंकडे गर्दी. पोलंडहून काही नाही. पाठ्यपुस्तकातला धडा शिकवताना मनात विहीर. एका मुलीने विचारलं, "मॅडम, पुढं?"

१९ नोव्हें. शनि.

चित्र आलं.

हिरवी भिंत. दोन रांजण. जिना छताकडून खाली, उलटा. बाई नाही.

पोलंडवाला लिहितो: ही खोली पहिल्या प्रतीत आहे. गेम करणाऱ्यांनी दार काढून टाकलं, खोली तशीच ठेवली. खेळून तिथे जाता येत नाही. मात्र चालू असताना कॅसेट हलली आणि एखादा आकडा बिघडला, तर कंदीलवाला माणूस कुठेही पडू शकतो. क्वचित.

शंटिंग.

दत्ताभाऊंनी विचारलं, "रंगीत प्रिंट मारू का?" मारा म्हणाले.

२४ नोव्हें.

पाच दिवस प्रिंट पुस्तकात. काय बोलायचं त्याची तीन वाक्यं लिहिली. तिन्ही चांगली होती. खोडली.

आईकडून र.च्या घरचा फोन नंबर घेतला. केला नाही. सरळ जायचं.

२७ नोव्हें. रवि. निमोणे

वडापच्या शेअर जीपने गेले. र. अंगणात कांद्याची रोपं निवडत होती. ओळखलं लगेच. "वैशाली? कुणाकडं आलीस?" तुझ्याकडेच, म्हणाले. तिने हात पदराला पुसले. चहा. तिच्या सासूबाई ओसरीवर, कान इकडे.

प्रिंट दिली. र.ने उन्हात धरून बघितली, बराच वेळ. मग हसली.

"अगं, मी थाप मारली होती."

"रांजण आहेत, रजनी. दोन."

"आमच्या मोरीत होते की दोन. आन् हिरवा रंग सगळ्या क्वार्टरला. तुम्ही रोज काहीतरी नवं शोधून यायच्या. मला काहीच सापडंना. मग सांगितलं."

"आणि उलटा जिना?"

तिने परत बघितलं. "त्ये न्हाई आठवत."

मला वाटलं ती मला सोडवते आहे. वाटलं, खरंच सांगते आहे. पोथीच्या दोन प्रतींसारखे दोन्ही पाठ, सारखेच शुद्ध.

चुकलं माझं, म्हणाले. ठरवलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

र.ने कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली.

"हे मिळालं नसतं तर आली असतीस?"

सासूबाईंनी ओसरीवरून विचारलं, "कसला कागुद हाय गं?" र. म्हणाली, "शाळंतला हाय, आत्याबाई."

जीपपर्यंत सोडायला आली. पोरं किती, पाणी कसंय, हे सगळं बोललो. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. लिहायला हवं. नसते आले.

२८ नोव्हें. सोम.

सकाळी सातला, दाखवायला काही नसताना, एस.टी.डी. बूथवरून तिच्या घरी फोन केला. सासूबाईंनी उचलला. रजनी डेअरीला दूध घालायला गेली होती. त्यांनी विचारलं, "कोण म्हणू? मैत्रीण का तिची?" दौंडची वैशाली, एवढंच सांगितलं. फोन ठेवला. आठच्या तासाला गेले.