व्याह्यांना बटाटा म्हटल्याची हकीकत

मालवण, रविवार

तीर्थरूप कावेरीताईस,

धाकट्या सत्यवानाचा दंडवत. तुझा गुडघा आणि फोंडाघाटची एसटी, दोन्ही चालू असतील अशी आशा आहे. इकडे नर्मदा बरी आहे. चार दिवस माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे माझीही तब्येत उत्तम.

तुझा विश्वेश गोव्यात दोन महिने स्पॅनिश शिकला आणि मालवणात त्याने क्लास काढला, हे तू गावभर सांगितलंसच. त्या क्लासातला सर्वांत म्हातारा विद्यार्थी मी. (तीस वर्षं मराठी व्याकरण शिकवलेला माणूस भाच्यासमोर बाकावर बसला, हा केवढा मोठेपणा! पण कोणी बोलून दाखवला नाही.) आपल्या इशिताचं स्पेनमध्ये सेव्हिलला जमलंय आणि मुलाचे वडील रामोन आपलं घर बघायला येणार होते, म्हणून स्वागताचं भाषण मी त्यांच्याच भाषेत करायचं ठरवलं. नियम सोपा. शब्द अक्षरांत तोडायचा. शेवटी स्वर, न किंवा स असेल तर शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर, नाहीतर शेवटच्या. आणि कुठे डोक्यावर तिरकी रेघ असली, तर नियम गुंडाळून रेघेवर जोर. मा-रि-पो-सा म्हणजे फुलपाखरू, जोर ‘पो’वर. नर्मदा मासे साफ करताना मी हे तिला म्हणून दाखवत असे. (मांजर तेवढं लक्ष देऊन ऐके.) ‘पापा’ म्हणजे बाबा. विश्वेशच्या कागदावर त्याला रेघ नव्हती, म्हणून मी जोर पहिल्या ‘पा’वर दिला.

बुधवारी रामोन आले. ओटीवर चाळीस माणसं. या घरात आज पापा आले, आम्ही धन्य झालो, असं मी हात जोडून तीनदा म्हणालो. तिन्ही वेळा त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि सभ्यपणे मान डोलावली. इशिता तोंडात ओढणी कोंबून आत पळाली. पहिल्या ‘पा’वर जोर दिला की त्यांच्याकडे बटाटा होतो, हे तिने आईला सांगितलं. पाहुण्यांनी मान डोलावलेली, आणि घरात बटाटा नाही. नर्मदेने सुरमई झाकून ठेवली आणि शेजारच्या सारिकेकडे धावली.

मुलीचं लग्न मोडतंय की काय, अशी मला भीती वाटली. मी सर्वांसमोर विश्वेशला नाही नाही ते बोललो. तो दुपारच्या गाडीने तुझ्याकडे पळाला. इकडे प्रकार कळल्यावर रामोन (तेही निवृत्त मास्तर, जात जाते कुठे) पोट धरून हसले आणि त्यांनी टाळी वाजवत, दुसऱ्या ‘पा’वर जोर देऊन, माझ्याकडून तो शब्द पंचवीस वेळा घोकून घेतला. मी खाली बसू लागलो, तर नर्मदा म्हणाली, “तीस वर्सां पोरांका उभी केलात. आता तुमी ऱ्हवा उभे.”

मग त्यांनी सुरमईचे चार तुकडे खाल्ले आणि मे महिन्याची तारीख पक्की केली. असल्या शिक्षकाला तू घरात थारा देऊ नयेस, एवढंच माझं मत.

तुझा
सत्यवान

ता. क. लग्नात मला तिकडे पुन्हा बोलायचं आहे. पत्र मिळताच विश्वेशला पहिल्या एसटीत बसव.

ता. क. २. तो सांगण्याआधी मीच लिहितो. कागदावर रेघा होत्या. रेघेचा नियम शिकण्याआधीच, छपाईतले डाग समजून मी त्या पांढऱ्या शाईने एकूण एक खोडल्या. नर्मदेला हे ठाऊक नाही. विश्वेशला सांग, माफी मागेन, पण मराठीत.