कासरा ज्याच्या हातात

बाबा,

परवा पोळा झाला, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्ही गेल्यावर तुमची मुलगी गावची सरपंच झाली, हे तुम्हाला ठाऊक नाही. झाली. तिगावच्या बाजारात लोक आता पुढे होऊन नमस्कार करतात. निवडणुकीत मी नाली, रस्ता, नळ सगळं बोलले, ते सगळेच बोलतात. पण एक वचन माझं स्वतःचं होतं. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी पाटलांचीच जाऊ दे, पण तिचा कासरा ज्यानं वर्षभर धरला, त्या सालदाराच्याच हातात राहील. हे मी मारुतीसमोर, भर सभेत सांगितलं. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी तेव्हा टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत, नुसते बघत राहिले.

तुम्ही आयुष्यभर पाटलांकडे सालदार होतात, सालाच्या बोलीवर त्यांच्या शेतात राबलात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्या बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळताना त्यांच्याशी जेवढं बोलायचात, तेवढं आईशीही कधी बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवून, झूल घालून तुम्ही जोडी आणता, मी आईचा पदर धरून उभी आहे, आणि तोरण अगदी जवळ आलं की पाटील हात पुढे करतात. तुम्ही कासरा देता नि मागे सरता. घरी आल्यावर मी विचारलं, तुम्हीच का नाही नेली जोडी? तुम्ही चिडलात. सणाच्या दिवशी असलं काही विचारायचं नसतं म्हणालात. मग पुरणपोळी खाता खाता हळूच म्हणालात, "पोरी, बैल वळखते ना मले. तेवढं पुरे हाय." मला ते तेव्हाही पुरलं नव्हतं.

आता ती जोडी तुमचे मित्र, आपले काका, सांभाळतात. माझं वचन ऐकून त्यांनी पांढुर्ण्याहून नवा सदरा आणला होता. पोळा आठवड्यावर आला तेव्हा मी पाटलांच्या घरी जाऊन आले, आणि तिथून थेट काकांकडे गेले. म्हटलं, काका, यंदा नाही जमत. पंचायतीतले निम्मे पंच पाटलांच्या मुलाच्या शब्दातले, तो बिथरला तर वस्तीचा नळ अडकेल. काका गोठ्यात वैरण टाकत होते. त्यांचा हात थांबलासुद्धा नाही.

"मंग त्यात काय झालं वं बाई? पाणी येऊन राह्यलं ना आपल्या वस्तीत. कासऱ्याचं काय घेऊन बसली? तुह्या बापानं बी हेच केलं असतं."

पोळ्याला ते नवा सदरा घालून आले. जोडी झकास सजवली होती. तोरणाजवळ पाटलांच्या मुलानं हात पुढे केला आणि काकांनी कासरा दिला, तुम्ही द्यायचात तसाच. मी आरतीचं ताट घेऊन समोर उभी. पोळा फुटला, पोरं ओरडली. शेजारची एक बाई मला ऐकू जाईल अशी म्हणाली की निवडून आलं की सगळे सारखेच. मला तिचा असा राग आला म्हणून सांगू! तिथेच तिला नळाचं समजावलं. तिलाही पटलं. सगळ्यांनाच पटलं.

पण बाबा, पाटलांच्या मुलानं नळाचं नावही काढलं नव्हतं. धमकी नाही, अट नाही. मी कासऱ्याचं बोलायलाच गेले होते. त्यानं ओसरीवर खुर्ची टाकली, बसा सरपंचबाई म्हणाला, आतून कपबशीत चहा आला. मग हसत विचारलं, पोळा नेहमीसारखाच ना? मी हो म्हटलं. हातातला चहा अजून संपलासुद्धा नव्हता. नळाचं कारण मला वाटेत, काकांकडे जाताना सुचलं.

हे काकांना सांगायला हवं. ते माझ्याच्यानं होत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही थोडेच वाचणार आहात. ज्या ओसरीची पायरी तुम्ही जन्मात चढला नाहीत, तिथे मी बसले होते, आणि मला उठावंसंच वाटत नव्हतं.