नळीवरची हिरवी पूड

प्रिय सिल्वाना,

बाळ लाथा मारायला लागलं का गं? पाचवा महिना म्हणजे लागलंच असेल. तू म्हणशील, फोन सोडून ही बया पत्र काय लिहितेय! तीनदा फोन लावला आणि तुझं "बोल गं" ऐकताच ठेवून दिला. मला फार भीती वाटतेय.

गेल्या गुरुवारी तू आम्हाला भेटायला प्रयोगशाळेत आलीस. बाहेर नदीवरचा बोचरा वारा, म्हणून आपण वजनकाट्याच्या खोलीतच बसलो. तिथे खाण्यापिण्याला बंदी असल्याची पाटी आहे आणि पाटीखालीच आपला येर्बाचा, त्या कडू हिरव्या पानांच्या चहाचा, तुंबा. अनिबाल सर म्हणालेसुद्धा, "पाटी पाहुण्यांसाठी गं, आपण घरचे!" नेहमीप्रमाणे सगळ्यांत तुंबा एक, ओढून प्यायची नळी एक आणि भरून देणारी मी. "नोएलिया, तुझ्या हातच्या येर्बासाठी दोन बस बदलून आलेय," म्हणत तू चार वेळा प्यायलीस.

त्याच्या जरा आधी मी तांब्याच्या नव्या संयुगाची हिरवी पूड तोलत होते, चागास रोगाच्या जंतूंवरच्या औषधासाठीची. तू इथे कामाला होतीस तेव्हाचं आठवतं ना, अभ्रकाच्या पापुद्र्यावर डीएनए पसरून सूक्ष्मदर्शकाची चाचपणारी सुई फिरवली की पडद्यावर सुटे दोरे दिसायचे, आणि संयुग घातलं की त्यांचा गुंता व्हायचा. जंतू मरणार म्हणून त्या गुंत्यांवर आपण किती खूश व्हायचो!

शुक्रवारी तुंबा धुताना नळीला हिरवी पूड दिसली. येर्बाही हिरवाच, अशी मनाची समजूत घातली, पण ती टिकेना. नळी धुतलेलं पाणी डीएनएत मिसळून सुईखाली धरलं, तर गुंते. स्वच्छ नळीचं पाणी घातलं, तर दोरे सुटे. पुन्हा पुन्हा केलं, दर वेळी तेच. पूड तोलतानाचे हातमोजे न काढताच मी ती नळी तुंब्यात बसवली होती गं. सर म्हणतात, "चिमूटभरही नसेल. उगाच तिच्या पोटात गोळा आणू नकोस, आणि आपल्या प्रयोगशाळेला कुलूपही लावू नकोस." प्यायलो आम्हीही, पण आमच्या पोटात बाळ नाही. ती पूड बाळाला काय करते, कदाचित काहीच नाही, हे कुणालाच ठाऊक नाही.

नोकरीच्या भीतीने मी सहा दिवस गप्प बसले, याची लाज वाटते. सोबत संयुगाचं नाव, अंदाजे मात्रा आणि चित्रं ठेवली आहेत. आजच डॉक्टरीणबाईंना दाखव. हे पत्र मी स्वतः तुझ्या दाराखालून सरकवलंय आणि खाली बाकावर बसलेय. शिव्या द्यायच्या तर खाली येऊन दे, पण दवाखान्यात एकटी जाऊ नकोस.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
नोएलिया