तक्रार शून्य

४ मार्च
आजपासून ग्राहक सेवेचं काउंटर माझ्याकडे. नऊ वर्षं गोदामात खोकी उचलली, शेवटी साहेबांना माझी किंमत कळली. काउंटर दुकानाच्या पार टोकाला, बाथरूमशेजारी. म्हणजे सगळ्यांना केव्हातरी माझ्यासमोरून जावंच लागणार. बायकोने विचारलं, पगार वाढला का. म्हटलं, आधी जबाबदारी वाढते. सहा महिन्यांत असिस्टंट मॅनेजर.

५ मार्च
अकरा तक्रारी. सगळ्या एकाच माळेच्या. रॅकवरच्या लेबलावर एक भाव, बिलात दुसरा. कॉम्प्युटरमध्ये भाव रोज बदलतात, लेबलं बदलायला माणूस नाही. साहेब म्हणाले, पैसे परत द्यायचे नाहीत, चूक कबूल करायची नाही आणि रजिस्टरमध्ये तक्रार दिसता कामा नये. बाकी मला पूर्ण मोकळीक आहे.

७ मार्च
एक रिटायर्ड शिक्षिका इस्त्री घेऊन आल्या. लेबल ८४९, बिल ९४८. मी गोड आवाजात समजावलं की लेबलावरचा भाव अंदाजे असतो. त्या म्हणाल्या, "मग मीही अंदाजे पैसे दिले असते, चाललं असतं का?" वर रजिस्टर मागितलं. मी खिशातून ९९ काढून दिले. बाई गेल्या, रजिस्टर कोरं. याला म्हणतात डोकं.

१२ मार्च
मीटिंगमध्ये साहेबांनी माझं कोरं रजिस्टर सगळ्यांना दाखवलं. बिलिंगवाली गालात हसली. जळते बिचारी.

१८ मार्च
रांग लागायला लागली. बाईंनी सांगितलं असणार चार जणींना. एक गृहस्थ तर बिल न आणताच आले. म्हणाले, "तुम्ही देता म्हणे." दिले. नाहीतर त्यांनीही रजिस्टर मागितलं असतं.
बायकोच्या दाताच्या रूट कॅनालसाठी कपाटात पाकीट ठेवलंय. त्यातले थोडे घेतले. पगार झाला की परत ठेवीन.
उद्यापासून पन्नासच्या वर द्यायचे नाहीत. ठरलं म्हणजे ठरलं.

१९ मार्च
एकशेवीस दिले. समोरच्या बाई रडायला लागल्या. तो अपवाद.

२५ मार्च
पाकीट संपलं. बायको एकाच बाजूने जेवते. विचारत होती, डॉक्टरकडे कधी जायचं. म्हटलं, एकतीसला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलंय, ते एकदा होऊ दे.

३१ मार्च
साहेबांनी चहा मागवला. म्हणाले, "महिन्यात एक तक्रार नाही. मग काउंटर ठेवायचं कशाला?" त्या जागी कोल्ड ड्रिंकचं मशीन बसणार. गोदामात माझ्या जागेवर माणूस घेऊन झालाय. उरलेला पगार आठवड्याने मिळेल.
तक्रारी रोज येत होत्या, असं सांगणार होतो. पण मग रजिस्टर कोरं का, हे सांगावं लागलं असतं. चहा पिऊन आलो.

२ एप्रिल
बायकोला सगळं सांगितलं. तिने पाकीट उघडून पाहिलं, बोटांनी सरळ केलं आणि परत कपाटात ठेवलं. मग म्हणाली, "दात काढूनच टाकू. स्वस्तात होतं."
म्हटलं, कितीला काढतात ते मी विचारून येतो.
ती म्हणाली, "तुम्ही नका विचारू."